एक नंबर लहान

सिंट-खोरिक गावात कामील बायेन्सच्या शब्दाला एकाच बाबतीत किंमत होती, पण त्या एका बाबतीत ती पाद्रीबुवांच्या शब्दाहून जास्त होती. ती बाब म्हणजे सायकलचे बूट. निवडणूक, बटाट्यावरचा रोग, सुनांचं वागणं, यांतल्या कशावरही कामील बोलायला लागला की मार्थाच्या कॅफेतली मंडळी आपापल्या बियरच्या फेसात डोकं घालून बसायची. पण कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "कामील, डाव्या पायाला मुंग्या येतात रे," की सगळे गप्प. कामील ग्लास खाली ठेवायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "काढ बूट."

चर्चच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्याचं दुकान होतं. शाळेचे बूट, शेतातले बूट, मयताला जाताना घालायचे काळे बूट, तो सगळंच शिवायचा. जीव मात्र सायकलच्या बुटांत. आमच्याकडे पोरगं नीट चालायच्या आधी सायकलवर बसतं, तेव्हा गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. नवा चामडी बूट घेतला की आधी आठवडाभर तो तळाला काहीही न ठोकता सायकलवर वापरायचा. पेडलच्या लोखंडी कडा तळावर घासून घासून दोन काळ्या रेघा उमटायच्या. मग बूट कामीलकडे. तो त्या रेघांवर खाचेची पट्टी ठेवून बारीक खिळ्यांनी ठोकून द्यायचा. खाच पेडलच्या कडेवर बसली की पाय जागचा हलत नसे. रेघ तिरकी असली तर पट्टीही तिरकी. नुसत्या रेघांवरून बूट कुणाचा ते कामील सांगायचा. माणूस लंगडतो कसा, बायकोशी भांडून निघाला होता का, तेही सांगायचा, पण त्यातलं निम्मं त्याच्या पदरचं असे.

त्याचा दुसरा कायदा मापाचा होता. बूट घ्यायचा तो एक नंबर लहान. "चामडं सैलावतं," तो म्हणायचा, "आज मापाचा घेशील तर वर्षभरानं त्यात बटाटे ठेवशील." बूट ओला करायचा, ओलाच पायात चढवायचा आणि शेगडीसमोर बसून पायातच वाळवायचा. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या करंगळ्या वाकड्या होत्या, त्या या कायद्यामुळे. पण कुणाची तक्रार नव्हती. दुखतंय म्हणजे बसतंय, अशी सगळ्यांची श्रद्धा.

एक्याण्णव सालच्या वसंतात, त्रेसष्टाव्या वर्षी, कामीलनं दुकान बंद केलं. प्लास्टिकच्या तळाचे बूट आले होते. त्यांना खिळे लागत नव्हते, पट्टी स्क्रूनं बसायची आणि पेडलात खटकन अडकायची. कामील त्यांना 'भांडी' म्हणायचा. तरी निरोपाच्या दिवशी रविवारच्या मंडळींनी, म्हणजे दर रविवारी सकाळी चर्चसमोरून सायकली घेऊन निघणाऱ्या सोळा म्हाताऱ्यांनी, वर्गणी काढून त्याला नेमके तेच बूट आणि तीच पेडलं दिली. मंडळींचा अध्यक्ष विल्फ्रीड. त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं, "कामील, नंबर काय रे तुझा?" कामीलनं सवयीनं सांगितलं, "एक्केचाळीस." पाय बेचाळीसचा होता. म्हणजे लग्नात होता. त्यानंतर त्यानं अख्ख्या गावाचे पाय मोजले, पण स्वतःचा पाय काही मोजला नाही.

आता ओमेरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

ओमेर हा कामीलचा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा. अडतीस वर्षं त्यानं मागावर काढली. गिरणीच्या खडखडाटानं त्याचा उजवा कान गेला होता. मुळात बोलणं बेताचंच. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको इर्मा गेली आणि होतं तेही बंद झालं. जेवायला बोलावलं की यायचा, सूप प्यायचा, टोपी घालून जायचा. मुलगी लीव्ह गेंटहून येऊन दिवसभर बसायची आणि "हं" नि "बरं" एवढंच घेऊन परत जायची. पण रविवारी सायकलवर बसला आणि गाव मागे पडलं की ओमेर बोलायचा. समोर रस्ता, डाव्या अंगाला भाऊ, तोंडाकडे कुणी बघत नाही, अशा वेळी त्याच्या तोंडून एकेक गोष्ट निघायची. इर्मा मटणात बियर किती घालायची. शेवटच्या महिन्यात तिनं खिडकीतला पडदा बदलून मागितला आणि त्यानं आळस केला, ते. कामील डावीकडून ऐकायचा, अधूनमधून "मग?" म्हणायचा. तेवढंच त्याचं काम.

लीव्हनं एकदा त्याला दारात गाठून विचारलं होतं, "काका, बाबा तुमच्याशी तरी बोलतात का?"

"बोलतात की. सत्तर किलोमीटर बोलतात."

लीव्हला तिथंच रडू आलं. "मग तुम्ही सायकल सोडू नका, काका. दुसरं मी काही मागत नाही."

कामील हसला होता. सायकल सोडायला काय झालंय? मेल्यावर सोडीन.

आणि दोन महिन्यांत सोडायची वेळ आली.

पहिल्या रविवारी नवे बूट घालून तो निघाला, तेव्हा पाय असे आवळले की त्याला बरं वाटलं. ओळखीचं दुखणं. पण तीस किलोमीटरनंतर चवड्याखाली कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं, आणि चाळीसनंतर बोटं आहेत की गळाली तेच कळेना. चामड्याचा बूट चार रविवारांत शरण येतो. हे भांडं काही येईना. दुखतंय म्हणून कामील बोटं आवळायचा, बोटं आवळली की आणखी दुखायचं. शिवाय तरुणपणी शिकलेली पेडल मारायची रीत, टाच वर, बोटं खाली, खाली दाबायचं आणि वर खेचायचं. सगळा भार त्या जळत्या चवड्यावर.

घरी त्यानं उपाय सुरू केले. बूट गरम पाण्यात बुडवून शेगडीसमोर बसला. बूट वाळला आणि होता तसाच राहिला, सर्दी मात्र कामीलला झाली. मग पायाच्या आकाराचं लाकडी कलबूत आत घालून त्याचा स्क्रू पिळला. चाळीस वर्षांत शेकडो बूट रुंद करणारं ते कलबूत मधोमध तडकलं. त्याची बायको पाउला दारात उभी राहून बघत होती.

"अख्ख्या गावाला शहाणपण शिकवलंस," ती म्हणाली, "आता दुकानात जा आणि मोठा नंबर घे."

"पायाला सवय नाही अजून."

"पायाला त्रेसष्ट वर्षं झाली, कामील. आता कसली सवय लागायची त्याला?"

"मंडळींनी दिलेत बूट. नंबर मी सांगितलाय. आता काय सांगू, बायेन्सला स्वतःचा नंबर माहीत नाही?"

"सांग की. मेलं कोण ऐकून?"

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे लोकांना कळू देणं कामीलला जमण्यासारखं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मंडळीतल्या रोझेला तो आडून विचारून आला, "माझ्या मेव्हण्याचे तळवे जळतात, काय करावं?" रोझे म्हणाला, "कोबीचं पान घाल बुटात. थंडाव्याला." मेव्हण्याच्या नावानं कामीलनं कोबीचा गड्डा आणला.

या सगळ्यात रविवारचं बोलणं बुडालं. सुरुवातीचे तीस किलोमीटर तो "मग?" म्हणायचा. पुढे दुखणं सुरू झालं की त्याला काही ऐकूच येत नसे. दात आवळलेले, नजर चाकावर. कधी मागे पडायचा, कधी कळ सहन होईना म्हणून तिरीमिरीत पुढे निघायचा. ओमेर काही सांगत आला की म्हणायचा, "वारा फार आहे, ऐकू येत नाही." वारा नसतानाही म्हणायचा. तिसऱ्या रविवारी ओमेर कमी बोलला. चौथ्या रविवारी परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही, आणि कामीलला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. घरी येऊन पाय बादलीत घातल्यावर त्याची त्याला लाज वाटली.

तो असा बादलीत पाय घालून बसला असतानाच त्यानं ठरवलं. मंडळींना सांगायचं, गुडघा गेला. गुडघ्याला कुणी हसत नाही, गुडघा कुणाचाही जातो. पुढचा रविवार शेवटचा. ओमेरचं काय, हा विचार आला की तो बादलीतलं पाणी बदलायचा.

त्या रविवारी केसेलबर्गच्या चढाआधी बाकीचे सगळे पुढे निघून गेले. दोघे भाऊ मागे राहिले होते. चढाच्या पायथ्याशी फाटा आहे. तिथं शेणाची टाकी ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. ओमेर थांबला, पाय टेकला. कामीलनंही ब्रेक दाबला. या पेडलातून पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. कामीलनं फिरवली, निदान त्याला तसं वाटलं. पण पाय इतका बधिर झाला होता की टाच फिरली की नाही, हे त्याला कळलंच नाही. सायकल उभी राहिली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग कामील सायकलीसकट सावकाश डावीकडे कलला आणि चरातल्या खाजऱ्या पाल्यात पोत्यासारखा पडला. ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

ओमेर धावत आला. त्यानं आधी भावाचा पाय पेडलातून सोडवला, मग भावाला पाल्यातून ओढून काढलं आणि बांधावर बसवलं.

"लागलं का?"

"नाही."

"मग पडलास कशानं?"

कामीलनं हातावरचा पाला झटकला. गुडघ्याची गोष्ट तोंडाशी तयार होती, आठवडाभर घोकलेली. ओमेर त्याच्या शेजारी बसला, टोपी काढून हातात फिरवायला लागला. सायकल बाजूला पडलेली, दोघं जमिनीवर, आणि ओमेर बोलला.

"मी तुला सांगणारच होतो आज. पुढच्या रविवारपासून मी येत नाही."

"का?"

"तुला कंटाळा आलाय माझा. मला दिसतं ना. सारखं आपलं इर्मा, इर्मा. कोण ऐकेल दोन वर्षं? तू ऐकलंस, पुष्कळ झालं. आता तू पळतोस पुढे, नाहीतर मागे राहतोस. वाऱ्याचं सांगतोस. कान एक गेलाय माझा, अक्कल नाही गेली."

 कामीलचा चवडा जळत होता, हातावर पाल्याचे चट्टे उठत होते, आणि हे दोन्ही त्याला एकदम क्षुल्लक वाटलं. चाळीस वर्षांची पत वाचवायला निघालो आणि भावाला काय वाटू दिलं आपण.

"ओमेर," तो म्हणाला, "बूट लहान आहे."

"काय?"

कामील उठून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. "बूट. लहान होतो मला. पाय जळतो, म्हणून मला ऐकू येत नाही. तुझ्यामुळे नाही. पहिल्या दिवसापासून लहान आहे."

"नंबर कुणी सांगितला?"

"मी."

 ओमेरनं खाली वाकून भावाच्या बुटाचा पट्टा सोडला आणि बूट ओढला. सहजी येईना, दोन्ही हातांनी ओढावा लागला. बूट निघाला, मोजा निघाला, आणि मोज्यातून कोबीचं पान बाहेर आलं, पार शिजलेलं. ओमेरनं ते शेपटीला धरून उंदीर उचलावा तसं दोन बोटांत उचललं.

"हे काय आहे?"

"रोझेनं सांगितलं."

ओमेरचे खांदे हलायला लागले. आधी कामीलला वाटलं रडतोय. तो हसत होता. इर्मा गेल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता तो शेताच्या बांधावर कोबीचं पान हातात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "मीठ तरी घालायचंस," तो म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. मग कामीललाही आवरेना.

कामील मोज्यांवर चालत, सायकल ढकलत मार्थाच्या कॅफेत पोचला. ओमेर बरोबर चालत होता, बूट त्याच्या हँडलला लटकत होते. मंडळी वाट बघत होती. कामीलनं बूट टेबलावर ठेवले आणि बसायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, मेव्हण्याचं खोटंसुद्धा.

 मग विल्फ्रीड म्हणाला, "एक मिनिट. म्हणजे आम्ही तीस वर्षं जे बूट घातले, ते?"

"चामडं सैलावतं," कामील बारीक आवाजात म्हणाला.

"आणि करंगळी?" रोझेनं तिथंच बूट काढून पाय बाकावर ठेवला. "ही सैलावली का बघ."

"रोझे, माणसं जेवतायत इथं," मार्था काउंटरमागून म्हणाली. पण तोवर आणखी चौघांचे बूट निघाले होते. तास-दीड तास कामीलची यथेच्छ धुलाई झाली आणि शेवटी बियर त्याच्याच नावावर लागली. गंमत म्हणजे त्याला बरं वाटत होतं.

मंगळवारी दोघे भाऊ औदेनार्डेला हिल्डेच्या सायकलच्या दुकानात गेले. हिल्डे तिशीची, तिचा बाप कामीलचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या दुकानाला कामील आजवर 'भांड्यांचं दुकान' म्हणत आला होता, आणि ते तिला माहीत होतं. तिनं त्याचे दोन्ही पाय मापाच्या पट्टीवर उभे केले.

"त्रेचाळीस, काका. डावा अर्ध्यानं जास्तच."

"पट्टी चुकली असेल तुझी."

"तीनदा मोजलं. वय झालं की पाय पसरतात. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

ओमेर खुर्चीत बसून छताकडे बघत होता, हसू लपवत.

हिल्डेनं रुंद चवड्याचा त्रेचाळीसचा बूट घातला, पट्टी बोटभर मागे सरकवली आणि त्याला दुकानातल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवलं. दोन मिनिटं नुसतं बघितलं.

"काका, बोटं का आवळता?"

"पकड नको का?"

"पकड पट्टीनं धरलीय. तुम्ही सोडा. बोटं हलवून बघा बरं आत. हलतात? तशी राहू द्या. टाच एवढी वर नको. आणि जड गिअर सोडा, हलका घेऊन भरभर फिरवा. पाय दाबायला नाही, फिरवायला दिलाय."

"मी चाळीस वर्षं लोकांना..."

"बाबांनी सांगितलंय मला," हिल्डे म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "पट्ट्या तुमच्यासारख्या कुणी बसवल्या नाहीत, असंही सांगतात ते. फक्त या तळावर रेघ उमटत नाही, काका. टाच कुठे जाते ते मागून कुणीतरी बघायला हवं."

सायकलींवरून येताना ओमेर मागे राहिला. आजवर तो कधी आपणहून भावाच्या मागे राहिला नव्हता. शेल्ट नदीच्या काठानं वाट सपाट आहे, आणि त्या अख्ख्या वाटेवर तो मागून ओरडत होता. "डावी टाच बाहेर जाते." थांबायचं, स्क्रू सैल करायचा, पट्टी केसभर फिरवायची. "आता आत जाते." पुन्हा थांबायचं. मागावर सुताचा एक धागा तुटला तरी ओळखणारा डोळा तो, त्याला टाच काय चुकवणार! चौथ्यांदा थांबल्यावर म्हणाला, "आता सरळ." आणि थोडं पुढे गेल्यावर, "बोटं आवळलीस."

"तुला कसं दिसलं? बुटात आहेत ती."

"मान आवळलीस. म्हणजे बोटंही आवळलीस."

कामीलनं बोटं सोडली. घरी आला तेव्हा पाउला बादली भरून बसली होती. त्यानं ती फुलझाडांना घातली.

त्यानंतरच्या रविवारी मंडळी निघाली, तेव्हा तीस किलोमीटर झाले, चाळीस झाले, केसेलबर्ग आला आणि मागे पडला, आणि कामीलच्या पायांनी आपण आहोत याची आठवणसुद्धा करून दिली नाही. आता ऐकायला काही अडथळा नव्हता. ओमेर सुटला होता. पाच रविवारांचं साठलेलं त्यानं बाहेर काढलं. इर्माच्या बहिणीनं वाटणीत कपाट कसं लाटलं. इर्मानं कोंबड्यांची जी नावं ठेवली होती ती सगळी, क्रमानं. नंतर पहिली कोंबडी कुठली आणि तिचं काय झालं ते. पडद्याची गोष्ट पुन्हा. कामील "मग?" म्हणत होता. साठाव्या किलोमीटरला "मग?" जरा उशिरा आलं.

ओमेरनं मान वळवून बघितलं. "कंटाळलास?"

कामीलनं पायांकडे नजर टाकली. सांगायला कारण काही उरलं नव्हतं. ना वारा, ना गुडघा.

"हो," तो म्हणाला. "थोडा कंटाळलो."

ओमेरनं त्यावर थोडा विचार केला. "बरं. मग मी जरा गप्प बसतो."

आणि दोघे खांद्याला खांदा लावून न बोलता चालले, ओमेर उजवीकडे, कामील डावीकडे, गव्हाच्या शेतांमधून, पुढच्या गावापर्यंत. तिथं वळणावर ओमेर म्हणाला, "तर ती दुसरी कोंबडी," आणि कामील म्हणाला, "हां, सांग."